नोकरी सांभाळून लेखणीची जोडकमाई: दिवाळी अंक, पुरवण्या, स्मरणिका आणि मुद्रितशोधन

मराठी नियतकालिकांत लिहून घर चालवणारे फार थोडे. पण पगाराला जोड म्हणून महिन्याकाठी काही हजार रुपये मिळवणं हे नेटानं काम करणाऱ्याला जमण्यासारखं आहे. त्यासाठी एक गोष्ट आधीच मान्य करावी लागते: जिथे आपलं नाव छापून येतं तिथे पैसे कमी आणि उशिरा मिळतात, आणि जिथे नाव येत नाही तिथे ते बरे आणि वेळेवर मिळतात. नावाचं लेखन ओळख मिळवून देतं, त्या ओळखीवर अनुवाद, मुद्रितशोधन (म्हणजे मुद्रितं किंवा प्रूफं तपासणं), शब्दांकन (दुसऱ्यानं सांगितलेलं ऐकून लिहून देणं), स्मरणिका अशी कामं येतात आणि खरी मिळकत तिथून होते. आठवड्यात सहा-सात तास हाताशी असतील तर त्यातले दोन-अडीच नावाच्या लेखनाला आणि उरलेले बिननावाच्या कामाला द्यावेत. उलट वाटणी केली की वर्षभरात कात्रणांची फाईल जाड होते आणि बँकखातं तसंच राहतं.

विषय आधी, नियतकालिक नंतर

संपादकांच्या टेबलावर कविता, बालपणीच्या आठवणी आणि पावसावरचं ललित यांचा ढीग असतो. त्यात भर घालून पैसे मिळत नाहीत. कवितेला तर बहुतेक ठिकाणी मानधन नसतं किंवा नावापुरतं असतं. तुटवडा असतो तो कामातून माहिती झालेल्या माणसाच्या लेखनाचा. बँकेत असाल तर लॉकर आणि वारसनोंदणी (नॉमिनेशन), परिचारिका असाल तर अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाची घरी घ्यायची काळजी, शेतीचं शिक्षण असेल तर ठिबकच्या नळ्या का चोंदतात, गृहनिर्माण संस्थेचे सचिव असाल तर हस्तांतर शुल्काचे वाद. हे लिहू शकणारे कमी असतात, आणि जे असतात ते लिहीत नाहीत.

कागदावर आपल्या माहितीची तीन क्षेत्रं लिहा. प्रत्येकाखाली ओळखीचे लोक तुम्हाला नेहमी विचारतात असे पाच प्रश्न लिहा. झाले पंधरा विषय. प्रश्नाच्या रूपात मांडता येत नाही तो विषय अजून कच्चा आहे. ‘शहरातला पाणीप्रश्न’ हा लेखाचा विषय होत नाही. ‘सोसायटीची टाकी वर्षातून किती वेळा धुवावी, आणि धुतलेली टाकी महिन्यात पुन्हा घाण का होते’ हा होतो.

कुठे पाठवायचं

दैनिकांच्या शनिवार-रविवारच्या पुरवण्या, साप्ताहिकं-मासिकं आणि दिवाळी अंक ही तीन मुख्य दारं. ‘लोकसत्ता’ची ‘चतुरंग’ आणि ‘सकाळ’ची ‘सप्तरंग’ या पुरवण्यांचा वाचक सारखा नाही. ‘साधना’ साप्ताहिकाला चालणारा लेख ‘अ‍ॅग्रोवन’ला चालणार नाही. मुलांसाठी लिहिता येत असेल तर बालभारतीचं ‘किशोर’ मासिक १९७१पासून चालू आहे आणि तिथे भाषेची अपेक्षा वेगळीच असते. यांखेरीज व्यावसायिक संघटनांची मुखपत्रं, सहकार, वीज, बांधकाम, फलोत्पादन अशा क्षेत्रांची मासिकं असतात. फार कुणी तिकडे वळत नाही, म्हणून नवख्याला तिथे जागा लवकर मिळते.

पाठवण्याआधी त्या नियतकालिकाचे लागोपाठ तीन अंक वाचा, नुसते चाळू नका. सरासरी लेख किती शब्दांचा आहे ते मोजा: एका स्तंभातल्या दहा ओळींचे शब्द मोजून दहानं भागा आणि एकूण ओळींनी गुणा. पुरवणीतला लेख सहसा ६०० ते १२०० शब्दांत बसतो, दिवाळी अंकातला २५०० ते ४००० पर्यंत जातो. मग लेखकांची नावं पाहा. सगळेच लेख उपसंपादक आणि ठरलेल्या सदरलेखकांचे असतील तर त्या पुरवणीत बाहेरच्याला जागा नाही. तिथे वेळ घालवू नका. गेल्या वर्षभरात तुमच्या विषयावर काही येऊन गेलंय का तेही शोधा. आलं असेल तर त्या लेखात सुटलेला भाग तुमचा.

दिवाळी अंकाचं वेळापत्रक

१९०९ साली काशीनाथ रघुनाथ मित्र यांनी ‘मासिक मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून ही परंपरा चालू आहे. नवे लेखक अजूनही तिथेच चुकतात: गणपतीत लेख पाठवतात. तोवर अंक जवळजवळ बांधून झालेला असतो. साधारण क्रम असा. मार्च-एप्रिलमध्ये विषय आणि परिसंवाद ठरतात. मे-जूनमध्ये लेखकांना पत्रं जातात. जूनअखेर ते जुलैअखेर मजकूर मागवतात. ऑगस्टमध्ये अक्षरजुळणी, चित्रं, मुद्रितं. सप्टेंबरमध्ये छपाई, आणि दिवाळीच्या दोन-तीन आठवडे आधी अंक बाजारात. तेव्हा विषय सुचवणारं पत्र एप्रिलमध्ये जायला हवं.

प्रत्येक अंकाची जात निराळी असते. ‘आवाज’ विनोदाचा, ‘धनंजय’ रहस्य आणि गूढकथांचा. शिवाय आरोग्य, पाककृती, ज्योतिष, प्रवास, शेती यांचे स्वतंत्र अंक निघतात. एकच कथा दहा ठिकाणी पाठवून दोन ठिकाणी छापून आली तर दोन्ही संपादक कायमचे दुरावतात, कारण दिवाळीत सगळे अंक शेजारी-शेजारी विकायला असतात आणि वाचक लगेच पकडतात. एका वेळी एकाच ठिकाणी पाठवा, ‘१५ जूनपर्यंत निर्णय कळला नाही तर अन्यत्र देईन’ असं पत्रातच लिहा आणि तसंच करा.

पैशाबद्दल: दिवाळी अंक विक्रीपेक्षा जाहिरातींवर उभा असतो, आणि जाहिरातींची वसुली दिवाळीनंतर होते. त्यामुळे मानधन डिसेंबर ते मार्चमध्ये येणं नेहमीचंच आहे. दिवाळीच्या खरेदीचा हिशेब त्यावर मांडू नका.

संपादकाला काय लिहायचं

अनोळखी संपादकाला पूर्ण लेख पाठवण्याआधी प्रस्ताव पाठवा. कथा आणि विनोदी लेखन याला अपवाद. ते पूर्णच पाठवावं लागतं, कारण तिथे विषयापेक्षा हाताळणी महत्त्वाची. प्रस्ताव दीडशे शब्दांचा पुरे. नमुना:

‘स. न. वि. वि. आपल्या पुरवणीसाठी एक लेख सुचवत आहे. विषय: घरातल्या ज्येष्ठ माणसाच्या मृत्यूनंतर बँकखातं, लॉकर आणि मुदत ठेवी नावावर करून घेताना लागणारी कागदपत्रं. वारसनोंदणी असलेल्या आणि नसलेल्या खात्यांमध्ये नेमका काय फरक पडतो, कुठला अर्ज कुठे अडतो आणि का, हे क्रमानं मांडेन. शब्दसंख्या ९००, सोबत कागदपत्रांची चौकट. मी सहकारी बँकेत ठेव विभागात काम करते. होकार आल्यापासून आठ दिवसांत लेख देईन. आपल्या अंकाचं मानधन आणि ते देण्याची पद्धत कळवावी.’

यात पाच गोष्टी आल्या: विषय, लेखात काय असेल, लांबी, तुम्हीच का, आणि पैसे. शेवटचं वाक्य लिहायला मराठी माणूस कचरतो. ते पहिल्या पत्रातच असलं की नंतर अवघड होत नाही. संपादक ‘आमच्याकडे मानधन नाही’ म्हणाले तर निदान कळतं तरी. मग विनामूल्य द्यायचं की नाही हे तुम्ही ठरवाल, आणि ते वर्षातून एक-दोनदा, विचारपूर्वक.

पंधरा दिवसांत उत्तर नाही आलं तर एकदा दोन ओळींची आठवण करा. रात्री व्हॉट्सअ‍ॅपवर ‘सर, वाचलंत का?’ विचारू नका. साभार परत आलं तर त्याच दिवशी दुसऱ्या ठिकाणी पाठवता येईल अशी यादी तयार ठेवा.

मजकूर पाठवताना काय बिघडतं

मजकूर युनिकोडमध्ये टाइप करा. अनेक छापखाने आणि डीटीपीवाले अजून श्रीलिपीसारख्या प्रणालींतले जुन्या सांकेतिक पद्धतीचे फॉन्ट वापरतात. तुमची फाइल त्यात बदलताना अक्षरं फुटतात. हमखास मोडणाऱ्या जागा म्हणजे ‘दुसऱ्या’, ‘तऱ्हा’ यांतला अर्धा र, रफार, ‘ॲ’ आणि ‘ऑ’, हृ आणि ह्र, आणि अवतरणचिन्हं. म्हणून वर्डच्या फाइलसोबत त्याच मजकुराची पीडीएफ जोडा. जुळणी करणाऱ्याला ताडून पाहता येतं. व्हॉट्सअ‍ॅपच्या संदेशात अख्खा लेख चिकटवून पाठवू नका, परिच्छेद एकमेकांत मिसळतात.

फाइलच्या नावात आडनाव, विषय आणि तारीख असू द्या. ‘लेख-अंतिम-नवीन-२’ या नावाच्या फाइली संपादकाकडे डझनानं असतात. छायाचित्रं छपाईला ३०० डीपीआयची लागतात, म्हणजे सहा इंच रुंद छापायचं तर चित्र निदान १८०० पिक्सेल रुंद हवं. व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीच्या पद्धतीनं धाडलेला फोटो आक्रसतो. तो ‘डॉक्युमेंट’ म्हणून किंवा ईमेलनं पाठवा. इंटरनेटवरून उचललेलं छायाचित्र देऊ नका.

शुद्धलेखनात मराठी साहित्य महामंडळाचे १८ नियम (१९६२मध्ये शासनमान्य झालेले १४ आणि १९७२मध्ये जोडलेले ४) पाठ नसले तरी जवळ असावेत. ‘असं-असे’, ‘केलं-केले’ यांतलं एक रूप निवडून शेवटपर्यंत तेच ठेवा. लेखाच्या शेवटी पूर्ण नाव, पत्ता, फोन, आणि दोन ओळींचा परिचय.

दर कसा ठरवायचा

सरसकट दरपत्रक मराठीत नाही, म्हणून आपली तळाची रेषा आपणच काढावी. मासिक पगाराला २०० तासांनी भागा. पगार ४०,००० असेल तर तुमचा तास २०० रुपयांचा. समजा ९०० शब्दांच्या लेखाला वाचन, दोन फोन, पहिला खर्डा आणि दुरुस्ती मिळून आठ तास लागले, तर १,६०० रुपयांखाली तुम्ही तोट्यात आहात. अंक ८०० देत असेल तर उरलेलं ८०० कुठून भरून निघणार हे विचारून मगच हो म्हणा. त्याच अभ्यासावर दुसरं काही निघणार असेल तर चालेल. लेखाचा मजकूर पुन्हा विकायचा नाही. त्यामागची माहिती, टिपणं आणि ओळखी मात्र तुमच्याच असतात. वारसनोंदणीच्या लेखावरून पतसंस्थेसाठी घडीपत्रक होतं, आकाशवाणीच्या केंद्राला भाषण सुचवता येतं, ज्येष्ठ नागरिक संघाच्या मासिकासाठी वेगळ्या अंगानं लिहिता येतं.

हक्कांचं थोडक्यात. नोकरीच्या कामाचा भाग म्हणून नव्हे तर स्वतंत्रपणे लिहिलेल्या लेखाचा स्वामित्वहक्क १९५७च्या कायद्यानुसार लेखकाचा असतो. तो दुसऱ्याला द्यायचा तर लेखी आणि सहीनिशी द्यावा लागतो. त्या करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते, प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता. अंकाच्या पहिल्या पानावरच्या ‘सर्व हक्क स्वाधीन’ या छापील ओळीनं तुमचा हक्क जात नाही. पण ‘सर्व हक्क कायमस्वरूपी’ असं लिहिलेल्या कागदावर सही केलीत तर ऑडिओ, अनुवाद, पुस्तक सगळंच गेलं. सही करण्याआधी ‘एकदा मुद्रित प्रसिद्धीसाठी’ एवढंच लिहून घेण्याचा आग्रह धरा. बहुतेक मासिकं मान्य करतात.

बिननावाची कामं

मुद्रितशोधन. हे काम पानावर किंवा फॉर्मवर (म्हणजे १६ पानांवर) मिळतं. सुरुवातीला तासाला आठ-दहा पानांपेक्षा जास्त नीट होत नाहीत, त्यावरून पानाचा दर काढा. पहिलं मुद्रित मूळ प्रतीशी ओळ न ओळ ताडून वाचायचं. दुसऱ्यात सांगितलेल्या दुरुस्त्या झाल्या का, आणि त्या करताना शेजारची ओळ बिघडली नाही ना हे पाहायचं. अंतिम मुद्रितात पानांचे आकडे, अनुक्रमणिका, चित्रांखालच्या ओळी आणि शीर्षकं. मोठ्या अक्षरांतल्या मथळ्यातली चूक सगळ्यांच्या नजरेतून सुटते, ती तिथे मुद्दाम शोधा. नवख्यांचे हात अडखळतात ते समासात: ‘कवी’ पण ‘कविमन’, ‘विद्यार्थी’ पण ‘विद्यार्थिदशा’, ‘शक्ती’ पण ‘शक्तिपीठ’. दुसरा मोह लेखकाची शैली सुधारण्याचा. त्याचे पैसे नसतात आणि लेखक चिडतो.

अनुवाद. इंग्रजीतून मराठीत चांगला अनुवाद तपासणीसह तासाला २५०-३०० शब्द होतो. तास २५० रुपयांचा धरला तर शब्दाला साधारण एक रुपया पडतो. याखाली उतरायचं की नाही हे मजकुराच्या अवघडपणावर ठरवा. मूळ मजकुराच्या शब्दांवर दर आहे की अनुवादित शब्दांवर, हे आधी लेखी घ्या, कारण मराठीत विभक्ती शब्दाला चिकटत असल्यानं संख्या कमी भरते. ‘मशीननं करून ठेवलंय, फक्त नजर टाका’ असं काम अर्ध्या दरात आलं तर आधी त्यातली दोन पानं मागून तपासा. बऱ्याचदा वाक्याची घडीच बदलावी लागते आणि वेळ नव्यानं करण्याइतकाच जातो.

शब्दांकन. निवृत्त उद्योजक, डॉक्टर, शिक्षक यांना आत्मचरित्र हवं असतं आणि लिहिता येत नसतं. एका तासाच्या ध्वनिमुद्रणातून कच्चा मजकूर सहा-सात हजार शब्दांचा निघतो आणि तो ऐकून उतरवायला चार-पाच तास जातात, हे दर सांगताना धरा. रक्कम तीन हप्त्यांत घ्या: ३० टक्के आगाऊ, ४० टक्के पहिल्या खर्ड्याला, ३० टक्के अंतिम प्रतीला. दुरुस्तीच्या दोन फेऱ्या ठरलेल्या दरात, पुढच्या वेगळ्या. ही अट नसेल तर घरातला प्रत्येक पुतण्या एकेक प्रकरण वाचून बदल सुचवतो.

स्मरणिका आणि अहवाल. हे काम कुणी फारसं मागत नाही, म्हणून ते आधी मागावं. सहकारी संस्थांना वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपर्यंत घ्यावी लागते. त्यामुळे पतसंस्था, सहकारी बँका, दूध संघ यांच्या वार्षिक अहवालांची गडबड जून ते ऑगस्टमध्ये असते. अध्यक्षांचं मनोगत, कामाचा आढावा, मुद्रितं हे सगळं कुणाला तरी करायचंच असतं. मे महिन्यात आपल्या तालुक्यातल्या दहा संस्थांच्या व्यवस्थापकांना भेटून या. शाळांचे सुवर्णमहोत्सव, मंडळांचे शतक महोत्सव यांच्या स्मरणिका याच वाटेनं येतात.

बिल, वसुली आणि कर

काम छापून आलं त्याच आठवड्यात बिल पाठवा. बिलावर क्रमांक, तारीख, कामाचं वर्णन, अंक किंवा पृष्ठसंख्या, ठरलेला दर, पॅन, बँकेचा तपशील आणि ‘३० दिवसांत देय’ ही ओळ. मुदत उलटल्यावर पहिली आठवण संपादकाला नव्हे, लेखा विभागाला करा. संपादकाच्या हातात धनादेश नसतो. दर पंधरा दिवसांनी एक, अशा तीन आठवणी. तरीही काही नाही तर त्या ठिकाणी नवीन काम थांबवा. सातत्यानं सेवा पुरवत असाल तर ‘उद्यम’ ही छोट्या उद्योगांसाठीची सरकारी नोंदणी विनामूल्य करता येते. तिच्यामुळे ४५ दिवसांच्या आत पैसे मिळण्याचा कायदेशीर हक्क लागू होतो आणि सरकारी पोर्टलवर तक्रार नोंदवता येते. अर्थात हजार रुपयांसाठी कुणी तिथे जात नाही, पण ४०,००० अडकले असतील तर जावं.

एका आर्थिक वर्षात एकाच संस्थेकडून ५०,००० रुपयांच्या वर व्यावसायिक शुल्क गेलं की सहसा १० टक्के उद्गम करकपात (टीडीएस) होते. पॅन दिलं नसेल तर २० टक्के. काही संस्था कंत्राट धरून १ टक्का कापतात. कापलेली रक्कम आयकर विभागाच्या संकेतस्थळावर तुमच्या नावे दिसते का ते दर तिमाहीला पाहा. पगारदारांनी लक्षात ठेवायचं ते हे: लेखनाचं उत्पन्न व्यवसायाचं धरलं तर नेहमीचं आयटीआर-१ हे विवरणपत्र चालत नाही. इंटरनेट, संदर्भपुस्तकं, प्रवास यांच्या पावत्या ठेवा. अर्धं उत्पन्न खर्च धरण्याची सवलत ठरावीक व्यवसायांना आहे आणि त्या यादीत सिनेमाचे कथा-संवादलेखक स्पष्टपणे येतात. मासिकांत लिहिणाऱ्यांनी आपल्या सीएला विचारूनच ती घ्यावी. सेवांसाठी जीएसटी नोंदणीची मर्यादा महाराष्ट्रात आणि गोव्यात वार्षिक २० लाख आहे, तेव्हा सुरुवातीला ती काळजी नको.

नोकरीचं नियुक्तिपत्र एकदा काढून वाचा. खासगी कंपन्यांत दुसऱ्या मिळकतीवर बंदीचं कलम असू शकतं. केंद्रीय कर्मचाऱ्यांना अधूनमधून साहित्यिक स्वरूपाचं लेखन पूर्वपरवानगीशिवाय करता येतं, पण नियमित सदर किंवा मोबदल्याचा अनुवाद त्यात बसतो असं स्वतःच ठरवू नका. राज्य कर्मचाऱ्यांना १९७९चे वर्तणूक नियम लागू आहेत. दोघांनीही परवानगी लेखी घ्यावी.

जिथे पैसे आपल्यालाच द्यावे लागतात

‘घरबसल्या टायपिंग’, ‘पीडीएफ वर्डमध्ये करा, पानाला ५० रुपये’ अशा जाहिरातींत आधी नोंदणीशुल्क किंवा अनामत मागतात. काम दिल्यावर ‘तुमच्या चुका मर्यादेबाहेर आहेत, कराराप्रमाणे दंड भरा’ असा बनावट वकिलाचा फोन येतो. दंड भरू नका; संदेश, करार आणि पैसे पाठवल्याचे पुरावे ठेवून १९३० या सायबर मदतक्रमांकावर तक्रार करा. काही प्रातिनिधिक कथासंग्रह प्रत्येक लेखकाकडून ‘सहभाग शुल्क’ घेतात आणि वीस प्रती विकत घ्यायला लावतात. हौस म्हणून करायचं तर करा, पण ते खर्चाच्या रकान्यात लिहा. आणि एखादा अंक लेख स्वीकारताना ‘एक पान जाहिरात मिळवून द्या’ म्हणाला, तर जाहिरातीवर किती टक्के दलाली देणार ते विचारा; जाहिरात आणणं हे लेखनापेक्षा निराळं काम आहे आणि त्याचा दर निराळाच लागतो.